बावन्नाव्या भागाचा पंचनामा

नरवाडेबाबूंचा डीव्हीडी प्लेअर वारला तेव्हा त्यांच्या हातात पेढा होता. पेढा बढतीचा. बावीस वर्षं कनिष्ठ सहायक म्हणून घासल्यावर वरिष्ठ सहायक झाल्याचा आदेश त्याच सकाळी आला होता, आणि असा चांगला दिवस उजाडला की काय करायचं हे त्यांनी नऊ वर्षांपासून ठरवून ठेवलं होतं. इंदूबाईंनी देवापुढे पेढे ठेवले. बाबूंनी कपाटातून तेरावी डिस्क काढली, हात धुतले, पुसले आणि डिस्क आत सरकवली. आतून सुपात खडे पाखडल्यासारखा आवाज आला. मग एक बारीक शिट्टी झाली. मग काहीच नाही.

"गेलं वाटते," इंदूबाई म्हणाल्या.

"काय गेलं?"

"जे होतं ते."

आता मुळात ही भानगड काय आहे ते सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढ्याशा डबड्यासाठी पन्नाशी उलटलेला माणूस पेढा हातात धरून रडतो कायले?

बळीराम नरवाडे महागावात राहतात आणि तालुक्याच्या एका कचेरीत काम करतात. कोणती कचेरी ते सांगत नाही, उगाच खुलासा मागतील. त्यांच्याकडे एका विलायती विज्ञानमालिकेच्या तेरा डिस्कांचा संच आहे. नागपुरात एक दुकान बंद होत होतं, तिथून आणलेला. घरात या मालिकेला ‘ते यानाचं’ म्हणतात. एक मालवाहू अंतराळयान वाट चुकलंय, सतरा माणसं घरी परतायची धडपड करताहेत, असे बावन्न भाग. पण बाबूंचं वेड मालिकेचं नव्हतंच. त्या डिस्कमध्ये आवाजाचा दुसरा पर्याय असतो. तो लावला की चित्र तेच राहतं, पण ज्यांनी मालिका बनवली ती माणसं, म्हणजे लेखक, दिग्दर्शक आणि नेपथ्याची बाई, शेजारी बसून ती पाहत असल्यासारखी बोलायला लागतात. ही भिंत अशी का, हा संवाद कुणी कापला, हा नट इथे का लंगडतोय, सगळं सांगतात.

बाबूंना त्याचं असं वेड का लागलं, तेही सांगतो. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकाही माणसाच्या तोंडून ‘हे माझ्यामुळे झालं’ असं वाक्य ऐकलं नव्हतं. रस्ता उखडला, शाळा गळली, टेबल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलं, कशाचंच कारण कुणाला माहीत नसायचं. आणि इथे मोठमोठी माणसं हसत हसत म्हणायची, "तो मागे पंखा दिसतोय ना, तो दिसायला नको होता. माझी चूक." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा बाबूंनी ते चार वेळा मागे नेऊन ऐकलं. रेडिओवरच्या क्रिकेटनं शिकवलेलं इंग्रजी आणि एक जाडा शब्दकोश, एवढ्या भांडवलावर त्यांनी एकावन्न भागांची बोलणी ऐकली. लेखक आधी खाकरतो आणि मग खोटं बोलतो, हेसुद्धा त्यांना कळायला लागलं होतं.

राहिला होता बावन्नावा. त्या भागात यान शेवटी घरी उतरतं, दार उघडतं, सगळे रडत बाहेर पडतात, आणि कॅमेरा आत वळतो तर कप्तानाची खुर्ची रिकामी. आत्ता तर तो बसला होता! बाहेर गेलेल्यांत तो नाही. मेला म्हणावं तर कधी? मालिकेत कारण सांगितलेलंच नाही. बाबूंनी दोनशे पानी वही भरली होती त्या खुर्चीवर. ते कारण त्या बोलण्यात नक्की सांगितलेलं असणार, म्हणून त्यांनी ते राखून ठेवलं. ताटातला आवडीचा घास शेवटी ठेवतात तसा. आणि घास तोंडाशी आला तेव्हा ताटच उलटलं.

शेजारचे धावजी राठोड, कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, बातमी ऐकून लगेच आले. दुसऱ्याच्या घरी काही बिघडलं की त्यांना तरतरी येते.

"मोबाइलवर पाहा ना, बाबू. फुकटात भेटते सगळं."

"मालिका भेटते, धावजीभाऊ. बोलणं नाई भेटत."

"कोणाचं बोलणं?"

"बनवणाऱ्यांचं. चित्र चालू असताना ते मागून बोलतात."

धावजींनी टोपी मागे सरकवली. "म्हणजे पिच्चर चालू असताना मागून कोणी बडबड करून राह्यलं, ते पाहिजे तुम्हाले? अहो, आमच्या टाकीजमधी असा कोणी बोलला तं आमी त्याले उचलून बाहेर नेत होतो."

डिस्क आतच अडकली होती, म्हणून बाबूंनी प्लेअर तिच्यासकट पिशवीत घातला आणि बसस्टँडजवळच्या विक्कीकडे नेला. विक्की टीव्ही, मिक्सर, फवारणीचा पंप आणि म्हाताऱ्यांची श्रवणयंत्रं, सगळं एकाच पेचकसानं दुरुस्त करतो. तो म्हणाला, दोन दिवसांत देतो. नऊ दिवसांनी त्याचा फोन आला.

"काका, झालं. लय खराब फॉल्ट होता."

"चालू झाला?"

"चालू तं पहिल्याच दिवशी झालता. पण दोन दोन आवाज येत होते ना त्याच्यात! पिच्चरचे लोक येगळे बोलून राह्यले, अन् वरून कोणी तिसरेच बोलून राह्यले. आठ दिवस डोकं लावलं. शेवटी तो वरचा आवाज मुळातूनच काढून टाकला. पाहा आता, कसा एकदम साफ येते."

विक्कीनं आवाजाची चिपच तापवून उपटली होती, आणि ते करताना डिस्क वाचणारं भिंगही गेलं होतं, ते त्याला बाबूंसमोर बटण दाबल्यावर कळलं. "मजुरी नको काका," तो उदारपणे म्हणाला. बाबूंना त्याला पुष्कळ काही बोलायचं होतं. पण पोराच्या चेहऱ्यावर एवढं समाधान होतं की ते "बरं" म्हणून डिस्क घेऊन घरी आले आणि न जेवता झोपले.

मग नवा प्लेअर मागवला. पार्सल आधी उमरखेडला गेलं, तिथून परत गेलं, पुन्हा आलं. बाबूंनी देवाला नमस्कार करून डिस्क घातली. पडद्यावर इंग्रजीत पाटी आली, तिचा अर्थ असा की, ही डिस्क या विभागासाठी नाही. झालं! परदेशी डिस्क, देशी यंत्र, दोघांचे विभाग वेगळे. जुनं चिनी यंत्र बिचारं काही न विचारता चालवत होतं. नवं नियमानं चालणारं निघालं.

"‘आपला अर्ज या विभागाशी संबंधित नाही,’" बाबू पुटपुटले. हे वाक्य त्यांनी स्वतः किती लोकांना लिहून परत पाठवलं असेल, त्याचा हिशेब नाही. पण ते वाचणाऱ्याला कसं वाटत असेल, याचा विचार करायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली.

"परत पाठवा ते," इंदूबाई म्हणाल्या. "अन् सोडून द्या आता. खुर्ची रिकामी तं रिकामी. आपल्या घरच्या दोन खुर्च्या मोडून पडल्या, त्यायचं कारण कधी विचारलं का तुम्ही?"

माणसाचा अपमान घरच्यांइतका कोणी करू शकत नाही.

आता नशिबाचा खेळ पाहा. चार दिवसांनी कचेरीत मोडीत काढायच्या सामानाची जुनी फाइल बाबूंच्या टेबलावर आली. तुटक्या खुर्च्या अकरा, पंखे चार, टंकलेखन यंत्रं दोन, आणि अनुक्रमांक सात: डीव्हीडी प्लेअर, चिनी बनावटीचा, नग एक. कुठल्यातरी जुन्या योजनेत आलेला, कधीच न वापरलेला! बाबूंनी ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. फाइल चार वर्षांपासून अडकलेली होती. का अडकली ते पाहायला त्यांनी पान उलटलं. समासात लिहिलं होतं: ‘अनुक्रमांक सातची वस्तू खरोखर नादुरुस्त आहे काय, याची खात्री केल्याचे दिसून येत नाही. त्रुटीपूर्ततेसह फेरसादर करावे.’ अक्षर फार सुंदर होतं. अक्षर बाबूंचंच होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, आता सांगायचं कोणाला!

भांडारखोलीची किल्ली लालीबाई शिपायांकडे असते. त्यांनी बाबूंचं तोंड पाहून मार्ग सुचवला. "घरी घेऊन जा ना, बाबू. सोमवारी आणून ठेवा. कोण पाह्यते?"

पण बाबूंनी आयुष्यात सरकारी टाचणी घरी नेली नव्हती. हा त्यांचा अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर दुसरा कुठला अभिमान त्यांच्याजवळ नव्हता. त्यांनी नियमाचा रस्ता धरला. टिपणी लिहिली की, त्रुटीची पूर्तता करण्यासाठी सदर यंत्र प्रत्यक्ष चालवून पाहणे आवश्यक आहे. त्यासाठी लागणारी डिस्क निम्नस्वाक्षरीकार स्वतःची आणील. म्हणजे दुपारच्या सुट्टीत, भांडारखोलीचं दार लावून, एकटं बसून शेवटचा भाग ऐकायचा. नियमही पाळला जाईल आणि जीवही निवेल.

टिपणी साहेबांकडे गेली. साहेब म्हणजे उर्वशी मॅडम, स्पर्धा परीक्षेतून आलेल्या, वय तीसच्या आत, यवतमाळला कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या. त्यांनी टिपणी दोनदा वाचली.

"नरवाडे, मुद्दा छान काढलात."

बाबू लाजले.

"पण तपासणार तुम्ही, डिस्क तुमची, अहवाल तुमचा. ऑडिटला हे चालेल का? आपण पंचांसमक्ष करू. दोन पंच घ्या, एक यंत्र समजणारा, एक साधा नागरिक. लालीबाई भांडाराच्या वतीनं, आणि मी असेन. आणि डिस्क पूर्ण चालवा. अर्धी चालवून चालू आहे लिहिलं, तर उद्या पुन्हा कोणीतरी त्रुटी काढेल."

"मॅडम, डिस्क इंग्रजी आहे..."

"मग तुम्ही मराठीत सांगत जा ना. पंचांनी न समजता सही केली, असं नको व्हायला."

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते याला. नऊ वर्षं जपलेली गोष्ट आता पंचांसमोर मोठ्यांदा वाचून दाखवायची होती, रेशनच्या यादीसारखी. बाबूंना वाटलं, टिपणी मागे घ्यावी. पण जावक क्रमांक पडला होता.

पहिली तारीख निवडणुकीच्या प्रशिक्षणात गेली. दुसऱ्या तारखेला साध्या नागरिकाच्या साळ्याच्या पोरीचं लग्न निघालं. साधा नागरिक म्हणून धावजीच मिळाले होते, कारण दुपारी तीन वाजता रिकामा असलेला दुसरा कोणी नागरिक गावात सापडला नाही. यंत्र समजणारा म्हणून पत्र विक्कीला गेलं. बाबू या निवडीच्या विरोधात होते, पण तालुक्यात नोंदणी केलेला दुसरा कारागीर नव्हता. तिसऱ्या तारखेला वीज गेली. चौथ्या तारखेला, बुधवारी दुपारी तीन वाजता, सभागृहात टीव्हीसमोर सगळे बसले. विक्कीनं रिमोट आणला होता. बाबूंनी हात धुतले, पुसले, डिस्क घातली. यंत्र चालू झालं. विभागबिभाग काही विचारलं नाही. बाबूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यांनी आवाजाचा दुसरा पर्याय निवडला, आणि लेखकाचं ओळखीचं खाकरणं ऐकू आलं. नऊ वर्षांनी! घरचं माणूस परगावाहून यावं तसं झालं त्यांना.

विक्की ताडकन उठला. "बंद करा! बंद करा! मॅडम, हाच फॉल्ट! माह्याकडे असाच केस आलता!"

"बस खाली!" बाबू ओरडले. त्यांना असं ओरडताना कचेरीनं कधी पाहिलं नव्हतं. विक्की बसला.

मग सुरू झाला तो गोंधळ. कानानं इंग्रजी ऐकायचं आणि तोंडानं मराठी सांगायचं. बाबूंचं सांगणं एका वाक्यानं मागे पडायचं, आणि तेवढ्यात धावजींचा प्रश्न यायचा.

"हे बोलून राह्यले ते दिसत काहून नाई?"

"ते दुसऱ्या खोलीत आहेत."

"मंग बोलवा ना त्यायले इकडे."

लालीबाईंना नेपथ्याची बाई आवडली. ती सांगत होती की यानाची मागची भिंत थर्माकोलची होती, एक नट टेकला आणि भोक पडलं, मग त्यावर आग विझवायची बादली टांगली आणि पुढचे वीस भाग ती तिथेच राहिली. बाबूंनी हे सांगितलं मात्र, लालीबाई टाळी वाजवून म्हणाल्या, "आपण इथं क्यालेंडर लावलं तसंच!" सगळ्यांनी मान वळवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. ते तीन वर्षांपूर्वीचं होतं. मॅडमसुद्धा हसल्या. विक्की पुढे सरकून बसला. दिग्दर्शक म्हणाला की अमुक दृश्याला पैसे उरले नव्हते म्हणून सगळा प्रसंग अंधारात घेतला, यावर धावजी खूश होऊन म्हणाले, "खरा माणूस आहे, बाप्पा." त्यांनी मांडी ठोकली. आणि बाबू मात्र घामाघूम झाले होते. शांतपणे ऐकायचं म्हणून जे राखलं, त्यातलं निम्मं पंचांच्या आवाजात वाहून गेलं होतं.

शेवटचं दृश्य आलं. यान उतरलं. दार उघडलं. माणसं रडत बाहेर पडली. कॅमेरा आत वळला.

"अरे," धावजी म्हणाले, "तो म्होरक्या कुठं गेला? खुर्ची रिकामी काहून?"

"आता सांगतील," बाबू म्हणाले. "आता तेच सांगतील. शांत राहा थोडं. हात जोडतो."

विक्कीनं उठून पंखा बंद केला. पडद्यामागे लेखक म्हणाला, या खुर्चीबद्दल मला अजून पत्रं येतात. बाबूंनी ते सांगितलं. मग लेखक हसला. आणि खाकरला नाही. खाकरला नाही म्हणजे तो खरं बोलणार होता.

तो म्हणाला, मला आठवत नाही. मला वाटलं, ती तुझी कल्पना. दिग्दर्शक म्हणाला, छे, मला वाटलं तू लिहिलंस. नेपथ्याची बाई म्हणाली, मला कुणीतरी सांगितलं खुर्ची पुसून ठेव, मी पुसून ठेवली. तिघं मनापासून हसले.

सभागृहात चारही माणसं बाबूंच्या तोंडाकडे पाहत होती.

"काय म्हन्ते?" लालीबाईंनी विचारलं. "काहून गेला तो?"

बाबूंनी टीव्हीकडे पाहिलं, मग लालीबाईंकडे. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सरकारी कामात खोटं सांगितलं.

"ते म्हणतात... कप्तान घरी आलाच नव्हता. तो फार आधीच गेला होता. पण तो नाही म्हटलं असतं तर बाकीच्यांचा धीर सुटला असता. म्हणून तो आहे असं समजून सोळा जणांनी यान घरी आणलं. घरी पोहोचले, आता गरज उरली नाही, म्हणून खुर्ची रिकामी दिसली."

धावजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. लालीबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"नरवाडे," उर्वशी मॅडम हळूच म्हणाल्या. त्यांना फार वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "ते असं नाही म्हणाले."

बाबूंनी डिस्कची डबी उघडली, मिटली.

"पंचनामा आहे. मला सांगावंच लागेल. ते म्हणाले, आठवत नाही. तिघांनाही."

धावजी असे हसायला लागले की त्यांना ठसका लागला. "तिघायलेही? एवढं यान उडवलं अन् खुर्ची काहून रिकामी ते कोणालेच नाई माहीत? अरे वा रे वा! आपलेच लोक हायेत हे!" विक्की हसला, मॅडमना हसू आवरेना. धावजी टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाले, "उगाच घाबरत होतो मी इंग्रजीले."

लालीबाई मात्र हसल्या नाहीत. "बाबू," त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगतलं ते चांगलं होतं. तेच लिवा ना."

बाबूंनी नकारार्थी मान हलवली. कागद पुढे ओढला आणि सुंदर अक्षरात पंचनामा लिहिला. यंत्र सुस्थितीत असल्याचे दिसून आले, सबब मोडीत काढता येणार नाही. डिस्क आरंभापासून अखेरपर्यंत चालली. खुर्ची रिकामी असण्याचे कारण संबंधितांना ज्ञात नाही. खाली सगळ्यांनी सह्या केल्या. धावजींनी सही करता करता विचारलं, "बाबू, याच्या मागचे किती भाग आहेत?"

"एकावन्न."

"मंग पहिल्यापासून लावा ना. दर बुधवारी. मजा येऊन राह्यली होती."

"मी पण येतो," विक्की म्हणाला. "तो फॉल्ट नाई, आता समजलं मले."

मॅडम म्हणाल्या, कचेरी सुटल्यावर असेल तर त्यांची हरकत नाही. लालीबाईंनी चहाचं विचारलं. सगळे एकमेकांशी बोलत होते, थर्माकोलच्या भिंतीची गोष्ट धावजी विक्कीला पुन्हा सांगत होते, चुकीची सांगत होते. बाबूंनी ती दुरुस्त केली नाही. त्यांनी डिस्क काढली, रुमालानं पुसली, डबीत घातली. राखून ठेवलेलं आता काही उरलं नव्हतं. पुढचा चांगला दिवस उजाडला की काय ऐकायचं, ते त्यांना समजेना.